शेवटच्या नावाचा मान

निंगताईंनी चष्मा नाकावर ओढला, संशोधनाच्या पेपराच्या पहिल्या पानावर नखानं टकटक केली आणि म्हणाल्या, "फानबाई, हा पेपर तुमचा धरता येणार नाही."

"धरता येणार नाही म्हणजे?"

"म्हणजे मोजता येणार नाही. शेवटचं नाव रुआन सरांचं आहे. मुख्य लेखकाची चांदणी त्यांच्या नावावर आहे."

"चांदणी माझ्याही नावावर आहे की! बघा ना, दोन चांदण्या आहेत."

"दिसतायत मला. आंधळी नाही मी. पण दोन चांदण्या असल्या तर शेवटचीच धरायची, असं गेल्या हिवाळ्यात ठरलं. परिपत्रक निघालं होतं. तुम्ही मंडळी ते उघडून बघत नाही आणि मग माझ्या टेबलाशी येऊन उभे राहता."

"पण माझा करार तर त्याच्या आधीचा आहे."

"नियम तपासणीच्या दिवशीचा, कराराच्या दिवशीचा नाही."

सूमेईला वाटलं, बाई थट्टा करतायत. पण निंगताईंनी कॉलेजच्या त्या बढत्यांच्या कार्यालयात जन्मात कुणाची थट्टा केल्याचं ऐकिवात नव्हतं. त्यांनी खजुराच्या चहाची बाटली बाजूला सारली आणि खुर्चीकडे बोट दाखवलं. "बसा आधी. उभ्यानं चक्कर येईल."

लानचौ शहरातल्या आमच्या कॉलेजच्या त्या इमारतीत फान सूमेईला ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि तिच्याशी दोन वाक्यं नीट बोललाय असा माणूसही फारसा नव्हता. दिंगशीकडची, बटाट्याच्या मुलखातली मुलगी. सकाळी गेटापाशी रश्श्यातल्या नूडल्सचा वाडगा उभ्याउभ्याच संपवायचा आणि प्रयोगशाळेत जाऊन भट्टीपुढे बसायचं, हा तिचा संसार. खरा संसारही होता. नवरा योंगल्यांग रेल्वेत सिग्नलच्या कामाला, आणि मानमान नावाची लेक, दुसरीत, कॉलेजच्याच शाळेत. घरही कॉलेजच्याच वसाहतीत. म्हणजे नोकरी गेली की घर गेलं, आणि घर गेलं की शाळा गेली. सगळं एकाच खुंटीला टांगलेलं.

नोकरीची अट सरळ होती. सहा वर्षांत वर चढा, नाहीतर चालू लागा. शिकवा, सरकारी अनुदान आणा, आणि पहिल्या प्रतीच्या नियतकालिकात एक तरी पेपर छापून आणा, ज्यात मुख्य माणूस तुम्ही आहात. शिकवणं झालं होतं, अनुदान आलं होतं. तिसऱ्यापाशी घोडं पेंड खात होतं. आणि शेवटच्या वर्षी तो पेपर छापून आला. कसला पेपर म्हणता? अहो, काचेचा! व्हॅनेडियम नावाच्या धातूच्या ऑक्साइडचे कण, इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारभर शेजारी शेजारी बसावेत. त्यांचा लेप काचेला दिला की गारठ्यात ऊन खुशाल आत येतं, आणि काच तापली की तोच लेप उष्णता बाहेरच्या बाहेर थोपवतो. वीज नको, बटण नको. काचेचं काचेला कळतं. गोम एवढीच की हवा लागून वर्षभरात तो लेप मरतो. भल्याभल्यांनी इथंच हात टेकले होते. सूमेईनं प्रत्येक कणाला वरून एक पातळ अंगरखा चढवला, आणि प्रयोगशाळेच्या दक्षिणेकडच्या खिडकीला तिनं लावलेली काच तीन उन्हाळे जशीच्या तशी चालली. काम बावनकशी होतं, याबद्दल तिच्या शत्रूचंही दुमत नव्हतं. तेच तर पोटात तुटतं.

आता या धंद्यात नावं कशी लागतात तेवढं सांगून टाकतो. पहिलं नाव, ज्याचे हात भाजले त्याचं. शेवटचं, ज्याच्या छत्राखाली काम झालं त्या वडीलधाऱ्याचं. चांदणी, पेपराचा जाब जो देणार त्याच्या नावावर. मधली सगळी वरातीतली माणसं. सूमेईनं पहिलं नाव फेंग या आपल्या विद्यार्थ्याला दिलं, कारण त्याशिवाय त्या बिचाऱ्याला पदवी मिळत नव्हती. राहिलं शेवटचं. आमच्याकडे गोल टेबलावर दाराकडे तोंड करून असलेली खुर्ची मानाची. तिथं बसायला आपण होऊन कुणी तयार होत नाही. "तुम्ही बसा", "छे छे, तुम्हीच बसा" करत अशी ढकलाढकली चालते की ताटातलं गार होतं. आपले गुरू हयात असताना आपण होऊन त्या खुर्चीत जाऊन बसायला सूमेईचं मन धजेना. तिनं स्वतःच्या नावाला चांदणी लावली, शेजारी रुआन सरांचं नाव घातलं, आणि त्यांनाही एक चांदणी लावली. दोघांचा मान राहिला, असं तिला वाटलं.

रुआन सरांनी मात्र मान मागितला नव्हता. त्यांचा स्वभाव उलटा. विद्यार्थ्यांच्या कच्च्या पेपरावर आपलं नाव दिसलं की लाल पेन्सिलीनं खोडायचे. "मी कढई ढवळली नाही, मग भाजीवर माझं नाव कशाला?" असं ओरडायचे. तोंड फाटकं, पण माणूस सच्चा. दिंगशीची ही मुलगी तोंडी परीक्षेत घाबरून एक शब्द बोलू शकली नव्हती, तेव्हा बाकीच्यांनी तिला नापास केलं आणि यांनी घेतलं. निवृत्त झाले, पाठोपाठ अर्धांगाचा झटका आला, डावं अंग गेलं. प्रयोगशाळेच्या दारावरची त्यांच्या नावाची पाटी उतरवली ती झटका आला त्याच आठवड्यात. सूमेईच्या डोळ्यांदेखत कामगारानं ती पाटी बादलीत टाकली. तेव्हाच तिनं मनात घेतलं, की सरांचं नाव एकदा तरी छापून आणायचं.

विचारलं असतं तर सर नाही म्हणाले असते, म्हणून तिनं विचारलंच नाही. नियतकालिक प्रत्येक लेखकाला ईमेल धाडून विचारतं, तुमची संमती आहे ना? सरांचा कॉलेजातला ईमेल सूमेईनंच उघडून दिलेला, पासवर्डही तिनंच ठेवलेला. तिनं तो उघडला, 'होय'वर टिचकी मारली आणि बंद केला. पूर्वजांपुढे उदबत्ती लावताना वाटावं तसं तिला वाटलं. यात काही वावगं आहे हे तिच्या गावीही नव्हतं.

वाढदिवसाला पेपर सरांच्या हातात दिला तेव्हा ते खवळले. "मला न विचारता? लाज वाटत नाही? पुन्हा असला आगाऊपणा केलास तर उंबरा चढू देणार नाही!" मग वाढदिवसाच्या लांब नूडल्स गार होईपर्यंत भिंग घेऊन ओळ न् ओळ वाचत बसले. "गप्प बसा हो," रुआन काकू म्हणाल्या, "शिव्याही देतायत आणि पानही सोडत नाहीत." दुसऱ्या दिवशी काकूंनी पहिल्या पानाला चौकट करून भिंतीला लावली.

आणि आता निंगताई म्हणत होत्या, चांदणी शेवटचीच धरायची.

"यावर काही उपाय?" सूमेईनं विचारलं.

"आहे ना. शेवटची दोन नावं उलटी करून आणा. सगळ्या लेखकांच्या सह्या घेऊन नियतकालिकाकडे अर्ज करता येतो. समिती सप्टेंबरात बसते. तोवर दुरुस्ती छापून आली की मी तुमची फाईल डोळे मिटून पुढे ढकलते." निंगताईंनी पेपर तिच्याकडे सरकवला. "इतके हुशार लोक तुम्ही. कणाला अंगरखा चढवता येतो, आणि स्वतःचं नाव कुठं घालावं तेवढं कळत नाही?"

घरी योंगल्यांगनं ऐकलं आणि हातातली काकडी टेबलावर आपटली. "मी तेव्हाच म्हटलं होतं की नाही? म्हटलं होतं की नाही? सरांचे आभार मान, पेपराच्या शेवटी चार ओळी लिही, झालं! पण नाही! तुला आरती ओवाळायची होती."

"हळू बोल. मानमान जागी आहे."

"असू दे जागी. तिलाही कळू दे, शाळा का सुटणार ते."

"सुटणार नाही. सर सही देतील. एका सहीचा तर प्रश्न आहे."

"जा मग उद्याच. आणि तिथं जाऊन जीभ गिळू नकोस, तुझी सवय आहे ती."

ती गेली. लिलीचे कंद आणि जर्दाळू घेऊन गेली. रिकाम्या हातानं जायचं कसं? चहा झाला, सरांच्या पायाची चौकशी झाली, काकूंच्या गुडघ्यांची झाली, आणि अर्ज काही पिशवीतून निघेना. शेवटी सरच म्हणाले, "काय आणलंयस ते काढ. तासभर पिशवी कुरवाळतेयस."

सरांनी अर्ज उजव्या हातात धरून भिंगाखाली घेतला. कारणाच्या रकान्यात तिनं टाईप केलं होतं, 'नावांचा क्रम लिहिताना नजरचुकीनं उलटा झाला.'

"नजरचुकीनं?" सर सावकाश बोलत. झटक्यापासून शब्द जड निघत. "तू नजरचुकीनं माझं नाव शेवटी घातलंस?"

"तसं लिहावं लागतं, सर."

"म्हणजे खोटं लिहावं लागतं."

"सर, तेवढी एक ओळ..."

"एका ओळीनंच खोटं होतं, सूमेई. त्याला दहा पानं लागत नाहीत. मी नाही असल्या कागदावर सही करणार."

तेव्हा मात्र तिचा धीर सुटला. एरवी न बोलणारी बाई घडाघडा बोलली. समिती, सहा वर्षं, वसाहतीतलं घर, मानमानची शाळा, योंगल्यांगची कटकट, सगळं एका दमात ओतलं आणि तोंडाला लावायला पदर नसल्यानं जर्दाळूंची पिशवीच तोंडावर धरून रडली. काकू उठून आत गेल्या. सर कितीतरी वेळ चौकटीतल्या त्या पानाकडे बघत होते.

"माझ्यापायी झालं हे सगळं," ते म्हणाले.

"नाही हो सर. माझीच चूक."

"कागद ठेवून जा. मी बघतो काय करायचं ते. तुझं नुकसान होऊ देणार नाही मी. जा आता, डोळे पूस."

पायऱ्या उतरताना तिला किती हलकं वाटलं! सर सही करणार, असंच ती समजली. त्या दिवशी तिनं मानमानला काडीला खोचून भाजलेलं मेंढ्याचं मांस खायला नेलं.

पाचव्या दिवशी भाजीबाजारात असताना सरांचा फोन आला. आवाज इतका खणखणीत की तिला आधी ओळखूच येईना. "सूमेई, केलं मी तुझं काम! त्या तुझ्या अर्जाची गरजच नाही. मी सरळ संपादकांनाच पत्र लिहिलं. एका बोटानं टाईप करायला दोन दिवस लागले, पण लिहिलं. तुमच्या कॉलेजलाही प्रत धाडली. वाचून दाखवू?"

"दाखवा, सर," ती म्हणाली. तिच्या हातात कोथिंबिरीची जुडी होती.

"ऐक. 'या संशोधनात माझा काडीचाही वाटा नाही. त्या काळात मी अंथरुणाला खिळलेला होतो. माझ्या विद्यार्थिनीनं मला न विचारता, केवळ मायेपोटी माझं नाव घातलं. ही कल्पना, हे कष्ट, हे यश, सर्वस्वी तिचं आहे. माझं नाव काढावं आणि सगळं श्रेय तिला द्यावं. माझ्या उभ्या आयुष्यात मी इतकं प्रामाणिक काम करणारा संशोधक पाहिला नाही.' काय? बरं जमलंय ना?"

भाजीवाली विचारत होती, जुडी घेणार की नुसती चुरगाळणार. मला न विचारता! हे तीन शब्द सरांनी कौतुकानं लिहिले होते, आणि त्याच तीन शब्दांनी तिचा गळा चिरला होता.

"फार छान लिहिलंय, सर," ती म्हणाली.

संपादकांचं उत्तर यायला वेळ लागला नाही. भाषा मोठी अदबीची. रुआन महोदयांचा वाटा नव्हता, तर त्यांचं नाव का होतं? त्यांना विचारलं नव्हतं, तर त्यांच्या पत्त्यावरून संमती कुणी दिली? बाईंनी कृपया खुलासा करावा. तोवर पेपरावर चौकशीची खूण लागलेली आहे. कॉलेजातही चौकशी नेमली गेली, आणि विभागप्रमुख मेंग यांनी तिला खोलीत बोलावून दार लावून घेतलं. मेंग म्हणजे माणूस वाईट नाही. भानगड नको एवढाच त्यांचा धर्म.

"बसा. पाणी घ्या. हे बघा फानबाई, मार्ग आहे," ते म्हणाले. "रुआन सरांना झटका येऊन गेलाय. बरोबर?"

"हो."

"मेंदूचा. दवाखान्याचा कागद असणारच. तर तुम्ही लिहून द्यायचं, की सरांनी कामात भाग घेतला होता, चर्चा केली होती, संमती त्यांनीच दिली होती. पण आता प्रकृतीमुळे त्यांना आठवत नाही. पत्र लिहिलं ते भ्रमात लिहिलं. मी खाली शेरा मारतो. पेपर वाचला. मग मीच समितीला म्हणतो, आजारी माणसाची चांदणी कसली मोजता? चांदणी तुमची धरून देतो."

"सर भ्रमात नाहीत."

"मला माहीत आहे. तुम्हाला माहीत आहे. पण म्हाताऱ्याचं यात काय जातं? घरात बसून असतात. त्यांना कळणारही नाही."

"त्यांना विचारतील ना? समिती फोन करेल."

"करेल. ते चिडतील, आरडाओरडा करतील. बघा, म्हणतील लोक, खरंच डोकं ठिकाणावर नाही." मेंगनी कागद पुढे सरकवला. "लेकीचं तोंड आठवा आणि लिहा. उद्या दिलात तरी चालेल."

योंगल्यांगला सांगितलं तर तो उलट ओरडला नाही, हेच वाईट झालं. तो तिच्यासमोर खाली बसला, तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "सूमेई, लिही. मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. हे एवढं लिही."

ती लिहायला बसली. खरंच बसली. सरांचं नाव लिहिलं, झटक्याची तारीख लिहिली. पुढं 'भ्रम' लिहायचा होता. ज्या माणसानं तिच्या आकृत्यांतली एक चुकलेली रेघ भिंगाखाली हुडकून वाढदिवसाला तिला सुनावलं होतं, त्याला वेडा ठरवायचा होता. खोट्याचं तिला एवढं नव्हतं. संमतीवर टिचकी मारताना खोटं तिनं केलंच होतं. पण सरांजवळ आता त्यांचं डोकं तेवढंच उरलं होतं, आणि तेच यांना हवं होतं. तिनं कागद फाडला. दुसरा घेतला आणि जे घडलं ते लिहिलं. नाव मी घातलं, संमती मी दिली, सरांना ठाऊक नव्हतं, सरांच्या पत्रातला प्रत्येक शब्द शुद्धीवर लिहिलेला आहे.

मेंगनी तो वाचला आणि डोक्याला हात लावला. "काय माणूस आहात हो तुम्ही! स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा, पण नेम धरून!"

नियतकालिकानं पेपर मागे घेतला. आजही उघडलात तर दिसेल, पानापानावर तिरक्या लाल अक्षरांत लिहिलंय. काच खोटी होती असं त्यात कुठं नाही, पण तेवढं वाचतो कोण? लोक लाल अक्षरं बघतात आणि पुढं जातात. फेंगकडे आधीचा एक लहान पेपर होता, त्यावर त्याची पदवी वाचली. त्यानं सूमेईच्या निरोपांना उत्तर देणं बंद केलं. समितीपुढे तिची फाईल गेलीच नाही. निंगताईंनी घर रिकामं करायची मुदत दोन महिने वाढवून दिली, आपल्या अधिकारात होती तेवढी. मानमाननं विचारलं, माझ्या बाकावर आता कोण बसणार, तर योंगल्यांग उठून बाहेर गेला. त्यानं पश्चिमेकडच्या एका आडगावच्या स्टेशनात बदली मागून घेतली होती. तो तिच्याशी भांडत नव्हता. जेवलीस का, निघालीस का, एवढंच बोलत होता. ती रात्रंदिवस स्वतःला एकच विचारत होती, मी एवढं काय मोठं मागितलं होतं? एका म्हाताऱ्याचं नाव छापून यावं, एवढंच ना?

जायच्या दिवशी ती सरांचा निरोप घ्यायला गेली. काकूंनी दार उघडलं आणि तिला आत घेतलं. काकूंना वसाहतीतल्या बायकांनी सगळं सांगितलेलं होतं. सरांपासून त्यांनी ते लपवलं होतं.

भिंतीवर चौकट नव्हती. सरांनीच ती उतरवायला लावली होती, आपला वाटा नसलेली वस्तू घरात नको म्हणून. मोठ्या खुशीत होते. पेल्यावरचं झाकण स्वतःच्या हातानं काढून त्यांनी चहा तिच्यापुढे सारला.

"काय मग? समितीचं झालं?"

"झालं, सर."

"चांदणी धरली तुझी?"

"धरली."

"मला वाटलंच होतं! खरं लिहिलं की काम होतं. तू उगाच ती नजरचूक घेऊन बसली होतीस." ते हसले. झटक्यामुळे त्यांचं हसू एकाच गालावर यायचं. "पिशव्या कसल्या एवढ्या? कुठं निघालीस?"

"पश्चिमेकडे, सर. तिकडच्या एका कॉलेजनं बोलावलंय. मोठी प्रयोगशाळा देतायत."

"वा! जिंकलं बघ पोरीनं!" सरांनी काकूंकडे वळून म्हटलं. "ऐकलंस का गं? मोठी प्रयोगशाळा!"

"ऐकलं," काकू म्हणाल्या. त्या सूमेईच्या पिशवीत उकडलेली अंडी भरत होत्या आणि मान वर करत नव्हत्या.

सूमेईनं चहा संपवला. दारात वाकून नमस्कार केला. सर काठी टेकत उंबऱ्यापर्यंत आले, आणि पूर्वी कच्च्या पेपरावर लाल पेन्सिल उगारायचे तसं उजव्या हाताचं बोट त्यांनी तिच्यावर उगारलं.

"एक लक्षात ठेव. पुढच्या पेपरात माझं नाव घालायचं नाही."

"नाही घालणार, सर," सूमेई म्हणाली.